मेंदूविकारतज्ज्ञ काय विचारतो आणि का

मेंदू, मज्जारज्जू, तिथून निघून बोटांच्या टोकापर्यंत पोहोचणाऱ्या नसा आणि त्या नसांच्या हुकमाने हलणारे स्नायू, या सगळ्यांचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरला न्यूरॉलॉजिस्ट किंवा मेंदूविकारतज्ज्ञ म्हणतात. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा न्यूरोसर्जन वेगळा. पक्षाघात, फिट, अर्धशिशी, कंपवात, स्मृतिभ्रंश, मेंदूज्वर, हातापायांची बधिरता हे न्यूरॉलॉजिस्टकडे येणारे नेहमीचे आजार. उपचार बहुतेक औषधांचे असतात, पण कामाचा मोठा भाग त्याआधीचा, म्हणजे निदानाचा.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हे काम करणाऱ्या डॉक्टरकडे येणारी माणसे एकसारखी नसतात. पश्चिमेला कोयनेचे खोरे, जावळी आणि महाबळेश्वरचा पावसाळी डोंगर, मध्ये कृष्णाकाठचा उसाचा पट्टा, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी आणि जतचा दुष्काळी मुलूख. साखर कारखान्यांच्या हंगामात मराठवाड्यातून आलेला ऊसतोड मजूर, तासगावचा द्राक्षबागायतदार, मेंढरे घेऊन फिरणारा धनगर, नवी मुंबईत माथाडी काम करून गावी परतलेला पाटणचा माणूस, सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पांगलेले विट्याकडचे गलाई कामगार, मिरजेतले सतारीचे कारागीर, आणि अथणी-विजापूरकडून येणारी कन्नड बोलणारी कुटुंबे. मिरजेला ही वर्दळ नवी नाही. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरने 1894 मध्ये तिथे रुग्णालय काढले, तेव्हापासून सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे लोक मिरजेला औषधोपचाराचे गाव म्हणून ओळखतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तिथे 1962 मध्ये सुरू झाले. कराडचे कृष्णा रुग्णालय आणि सातारा-सांगलीची सरकारी रुग्णालये यांच्यामुळे आता गंभीर मेंदूविकारासाठी प्रत्येकाला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागत नाही.

मेंदूची रचना सगळ्यांची सारखीच असते. त्याला आजार कोणत्या वाटेने गाठतो, हे मात्र माणूस काय खातो, काय काम करतो, कुठे झोपतो, कोणाच्या घरात लग्न करतो यावर बरेचसे ठरते. त्यामुळे रुग्णाची पार्श्वभूमी समजून घेणे हा तपासणीचाच भाग आहे. ती वगळली तर सर्वांत महागडे यंत्रही चुकीच्या जागी शोध घेत बसते.

न्यूरॉलॉजिस्ट दोन प्रश्नांची उत्तरे ठरलेल्या क्रमाने शोधतो. पहिला प्रश्न, बिघाड कुठे आहे? दुसरा, तो कशामुळे झाला? पहिल्याचे उत्तर शरीराच्या तपासणीतून मिळते. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि बोलणेही गेले, तर दोष बहुधा मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असतो. दोन्ही पाय ताठर होऊन लघवीवरचा ताबा सुटला तर शोध मज्जारज्जूकडे वळतो. दोन्ही पावलांना मोजे घातल्यासारखी बधिरता असेल तर लांब पल्ल्याच्या नसा दुखावल्या आहेत. गुडघ्यावर रबरी हातोडी मारणे, तळपायावर किल्लीने रेघ ओढणे, घोट्याच्या हाडावर कंप पावणारा चिमटा टेकवणे, या साध्या कृतींतून डॉक्टर बिघाडाची जागा हुडकत असतो. तोंड वाकडे झालेल्या माणसाला तो कपाळाला आठ्या घालायला सांगतो. आठ्या पडत नसतील आणि डोळाही मिटत नसेल तर चेहऱ्याची नस सुजलेली असण्याची शक्यता जास्त. कपाळ नीट हलते आणि फक्त ओठाची कड खाली ओघळली आहे, तर पक्षाघाताचा संशय घ्यावा लागतो. पहिल्या आजारात तीन दिवसांच्या आत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि उघड्या राहणाऱ्या डोळ्याची काळजी घेतली तर बहुतेक माणसे बरी होतात. दुसऱ्यात मिनिटे मोजावी लागतात.

दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आजाराच्या वेगात असते. क्षणात आलेला अशक्तपणा रक्तवाहिनीचा, काही तासांत किंवा दिवसांत वाढलेला जंतुसंसर्गाचा किंवा सुजेचा, आठवड्यांत वाढलेला क्षयाचा, गाठीचा किंवा जीवनसत्त्वाच्या अभावाचा, आणि वर्षानुवर्षे हळूहळू सरकणारा कंपवातासारख्या झिजेचा असतो. हा नियम सरसकट लागू पडत नाही, तरी दिशा दाखवतो. त्यासाठी आजार कधी आणि कसा सुरू झाला हे नेमके कळायला हवे. ते सांगणारा माणूस घड्याळ आणि कॅलेंडर यांच्या भाषेत बोलतोच असे नाही. बेंदराच्या आधी की नंतर, सुगीत की पावसाळ्यात, बाजारच्या दिवशी सकाळी की दुपारी, असे विचारले की तारीख आपोआप सापडते.

रुग्णाचे शब्दही उलगडून घ्यावे लागतात. या भागात पक्षाघाताला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, पण तेच शब्द कधी मानेच्या नसेमुळे बधिर झालेल्या हातासाठीही वापरले जातात. ‘चक्कर येते’ म्हणणाऱ्या चार जणांत एकाला घर फिरल्यासारखे वाटत असते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, तिसऱ्याचा चालताना तोल जातो आणि चौथ्याला नुसती धास्ती वाटत असते. कानाचा दोष, रक्तदाब, लहान मेंदू आणि मन, अशी ही चार वेगळी दारे आहेत. सगळ्यांना चक्करेची एकच गोळी दिली तर काही दिवस बरे वाटते. पण सिनारिझीन, फ्लुनारिझीन यांसारख्या चक्करेच्या गोळ्या किंवा लेव्होसल्पिराइड असलेली पित्ताची गोळी महिनोन्‌महिने चालू राहिली, तर वयस्कर माणसाचे हात थरथरू लागतात, चाल मंदावते आणि चेहरा निर्विकार होतो. तो कंपवात नव्हे, गोळीचा परिणाम असतो, आणि ती बंद केल्यावर बहुतेकदा ओसरतो. कंपवाताचे निदान करण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे मागवली जातात ती यासाठी.

प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर ठरते. साठीच्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर ती नाही म्हणते, आणि तिच्या दृष्टीने ते खरेच असते. ‘मावशी, सकाळी मशेरी लावता का?’ म्हटले की हो येते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका तपासताना ही एवढी माहिती निसटून चालत नाही. दारूबद्दल बायकोसमोर विचारले तर वेगळे उत्तर मिळते आणि एकट्याला विचारले तर वेगळे. रोज पिणारा, जेवण तुटलेला माणूस गोंधळलेल्या अवस्थेत आला, त्याचे डोळे नीट हलत नसले, चाल झोकांडे खात असली, तर सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी त्याला थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व द्यावे लागते. तसे न केल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

फिटच्या बाबतीत तर खुद्द रुग्णाला काहीच सांगता येत नाही, कारण त्या वेळी तो शुद्धीवर नसतो. ज्याने पाहिले त्याची साक्ष सगळ्यांत मोलाची. अंग कडक झाले का, मान कोणत्या बाजूला वळली, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, किती वेळाने ओळख पटली? मोटरसायकलवर मागे बसवून शेजाऱ्याने आणलेल्या रुग्णाबरोबर ही माहिती येत नाही. मुलगा मुंबईत, सून शेतात आणि फिट पाहिलेली आजी घरीच राहिलेली, असे नेहमी घडते. मोबाइलमुळे यात मोठा फरक पडला आहे. पाहणाऱ्याने काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कित्येकदा मेंदूच्या विद्युत आलेखापेक्षा, म्हणजे ईईजीपेक्षा अधिक सांगतो. ईईजी साफ आला म्हणून फिटचा आजार नाही असे ठरत नाही. उलट, उन्हात रांगेत उभी राहून घामाघूम होऊन कोसळलेली, मिनिटाभरात शुद्धीवर आलेली मुलगी बहुधा नुसती बेशुद्ध पडलेली असते. तिला वर्षानुवर्षे फिटची गोळी देणे हा तिच्यावर अन्याय आहे.

पुढचा प्रश्न कामाचा. द्राक्षबागेत फवारणी करणारा माणूस कीटकनाशकाची बाधा होऊन आधी दवाखान्यात दाखल झालेला असतो. घाम, लाळ, उलट्या ओसरल्यावर एक ते चार दिवसांनी त्याची मान लटकी पडू लागते आणि श्वास अपुरा पडतो. हा सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाचा उशिराचा परिणाम आहे. आता धोका टळला असे समजून रुग्णाला घरी नेले तर जीव जातो. दोन-तीन आठवड्यांनी पाऊल लुळे पडण्याचा आणखी एक प्रकार असतो. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीत शिशाचा वापर होतो, आणि त्याच्या धुरात काम करणाऱ्याचे मनगट लटके पडले, पोटात कळा येत राहिल्या, रक्त कमी झाले, तर रक्तातील शिशाचे प्रमाण तपासावे लागते. तो माणूस कोइमतूरला किंवा कोलकात्याला काम करत असतो, आजारी पडल्यावर खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावी येतो आणि ‘शेती करतो’ असे सांगतो. आधी काय करत होता, हे विचारल्याशिवाय शिसे सापडत नाही. वर्षानुवर्षे डोक्यावर पोती वाहिलेल्या माथाडी कामगाराच्या मानेचे मणके झिजून मज्जारज्जूवर दाब येतो. बोटांची बटणे लावण्याची सफाई जाते, चालताना पाय अडखळतात. याला वयाचा दोष म्हणून सोडून दिले तर शस्त्रक्रियेची योग्य वेळ निघून जाते. मेंढरांमध्ये राहणाऱ्या आणि न उकळलेले दूध पिणाऱ्या माणसाच्या लांबलेल्या तापात, पाठदुखीत ब्रुसेला या जंतूची आठवण ठेवावी लागते. कुत्री आणि मेंढ्या यांच्यामधून पसरणाऱ्या पट्टकृमीमुळे मेंदूत पाण्याची मोठी गाठ होऊ शकते, म्हणून तोही विचार करावा लागतो.

झोपण्याच्या जागेचा प्रश्नही असाच आहे. पावसाळ्याच्या दिवसांत पहाटे पोटात दुखून जाग आली, थोड्या वेळाने पापण्या जड झाल्या, एकाचे दोन दिसू लागले, गिळता येईना. अंगावर जखम नाही, सूज नाही. जमिनीवर झोपणाऱ्या माणसात हे चित्र मण्यार चावल्याचे असते. मण्यारीचे दात बारीक असतात आणि झोपेत दंश जाणवतही नाही. तिचे विष नसा आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते. विष जास्त चढले तर सगळे स्नायू थिजतात, डोळ्यांच्या बाहुल्याही प्रकाशाला दाद देत नाहीत आणि मेंदू मृत झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात आतला माणूस जिवंत असतो, आणि कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर काही दिवस तग धरला तर चालत घरी जाऊ शकतो. नागाच्या दंशात सर्पविषावरच्या लसीबरोबर निओस्टिग्मिन या इंजेक्शनाचा उपयोग होतो. मण्यारीत त्याचा भरवसा कमी, तिथे लवकर दिलेली लस आणि श्वासाचे यंत्र हाच आधार. शिराळ्यासारख्या नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या भागात सापांबद्दल आदर पिढ्यानुपिढ्यांचा आहे. तो जपूनही चावल्याबरोबर रुग्णालय गाठता येते. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच.

जंतुसंसर्गाचे निदान करताना गृहीत धरलेल्या गोष्टी फार फसवतात. तरुण मुलाला पहिल्यांदा फिट येते, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये एक लहान कडे दिसते. ते क्षयाचे असू शकते किंवा डुकरांमधून पसरणाऱ्या पट्टकृमीच्या अळीचे. ‘आम्ही माळकरी, मांस शिवत नाही, आम्हाला कसा होईल?’ असा प्रश्न घरातून येतो. हा आजार पट्टकृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून भाजीपाल्यावर, पाण्यात, न धुतलेल्या हातांवर पोहोचतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही तो होतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील न्यूरोसर्जन वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, भारतात क्षयाच्या गाठी समजल्या जाणाऱ्या अशा अनेक लहान गाठी प्रत्यक्षात या अळीच्या असतात. 20 मिलिमीटरपेक्षा लहान, गोल, एकटे कडे असेल आणि क्षयाचा दुसरा पुरावा नसेल, तर अळीकडे कल जातो. यामुळे किती तरी मुलांचे क्षयाचे लांबलचक औषध वाचले. अळीवर अल्बेंडाझोल, सूज कमी करायला स्टेरॉइड आणि फिटची गोळी, एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळलेला ताप, डोकेदुखी, उलटी आणि बदललेले वागणे दिसले तर क्षयजन्य मेंदूज्वराचा संशय येतो. त्यासाठी पाठीच्या मणक्यांमधून पाणी काढून तपासावे लागते. ‘पाठीत सुई टोचली की पाय जातात’ ही भीती गावोगाव आहे. सुई जिथे जाते तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, हे चित्र काढून समजावले तर बहुतेक घरे तयार होतात, आणि त्या पाच मिनिटांवर जीव वाचणे अवलंबून असते. अशाच वेळी एचआयव्हीची चाचणीही करावी लागते. सांगली जिल्ह्याने या साथीचे चटके फार सोसले आहेत, आणि 1992 मध्ये तिथे सुरू झालेल्या ‘संग्राम’ या संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांना बरोबर घेऊन केलेले काम देशभर माहीत आहे. चाचणीआधी रुग्णाची संमती घेणे आणि निकाल गुप्त ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. दारात उभ्या असलेल्या दिराला किंवा सरपंचाला निकाल सांगायचा नसतो.

हातापायांच्या बधिरतेत डॉक्टर कोपरामागची, गुडघ्याच्या बाजूची आणि मानेवरची नस बोटांनी चाचपून पाहतो. ती जाड लागली, आणि कातडीवर न जाणवणारा फिकट चट्टा असला, तर तो कुष्ठरोग. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. सहा ते बारा महिन्यांच्या औषधांनी हा आजार बरा होतो. नस अचानक दुखू लागली तर स्टेरॉइड देऊन हात वाचवता येतो. या नावाची धास्ती अजून एवढी आहे की काही जण चट्टा दाखवतच नाहीत.

ज्यांना मांसाहार वर्ज्य आहे, त्यांच्या बधिरतेत ब-12 जीवनसत्त्वाचा अभाव आधी पाहावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-12 कमी आढळले. पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणे. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने ब-12 चे प्रमाण आणखी घटते. रक्तवाढीसाठी नुसते फॉलिक अॅसिड घेतले तर रक्त सुधारते आणि मज्जारज्जूचा बिघाड मात्र आतून वाढत राहतो. इंजेक्शन स्वस्त आहे आणि वेळेत दिले तर माणूस पूर्ववत होतो. लाखो रुपयांच्या तपासण्यांआधी ताटात काय असते हे विचारणे म्हणूनच शहाणपणाचे.

नातेसंबंधांचा प्रश्न या मुलखात टाळता येत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल सातारा-सांगलीत जुनी आहे. आईवडील दोघेही एकाच सदोष जनुकाचे मूक वाहक असले, तर प्रत्येक अपत्यात आजार उतरण्याची शक्यता चारात एक. विल्सनचा आजार त्यांपैकीच. शरीरात तांबे साठून किशोरवयात अक्षर बिघडते, बोलणे जड होते, हात थरथरतात, कावीळ होते. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडे दिसते. पेनिसिलामाइन आणि जस्त यांनी तो आटोक्यात राहतो, आणि भावंडांची वेळीच तपासणी केली तर त्यांना तो होण्याआधीच थोपवता येतो. हे सांगताना आईवडिलांना अपराधी ठरवणारा एक शब्दही जाता कामा नये. पुढचे मूल आणि पुढची सोयरीक यांचा निर्णय त्यांनी समजून घ्यावा, एवढाच हेतू असतो.

बाळंतिणीची डोकेदुखी हा वेगळाच धोका आहे. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, त्यात ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावे’ ही समजूत. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते, डोके असह्य दुखते, फिट येते. घरात याला बाहेरची बाधा समजतात. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या, ज्या वारी किंवा घरच्या कार्यासाठी सर्रास घेतल्या जातात, त्यांनीही गुठळीचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी औषधे वेळेत सुरू झाली तर या बायका चांगल्या बऱ्या होतात.

म्हातारपणीच्या विसराळूपणाची तपासणी शाळेवर बेतलेली असते आणि तिथेच ती चुकते. शंभरातून सात वजा करा, वाक्य लिहा, घड्याळ काढा, हे शाळेत न गेलेल्या आजींना कसे जमावे? हरियाणातील बल्लभगडमध्ये निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत तयार केलेली चाचणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वीसमधून तीन वजा करायला सांगतात आणि वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल बोलायला सांगतात. मराठीत डॉक्टर त्याच धर्तीवर विचारतात. भाकरी कशी करता, नातवंडे किती, आजचा बाजार कुठला? जतच्या कन्नड मातृभाषेच्या माणसाला मराठीत तपासले तर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त विसराळू वाटतो. पक्षाघातानंतर बोलणे गेलेल्या द्विभाषिक रुग्णाला दोन्ही भाषांत तपासावे लागते, कारण कधी एक भाषा आधी परतते. मिरजेत त्यात दखनी उर्दूची भर पडते. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमधील 648 स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यात दिसले, आणि हा फायदा निरक्षरांतही होता. सरहद्दीवरच्या लोकांसाठी ही चांगली बातमी आहे.

निदानानंतर उपचार. त्यांत सगळ्यांत घाईचा पक्षाघात. उपचार न झालेल्या मोठ्या पक्षाघातात मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही असे दिसले आणि सुरुवातीपासून साडेचार तास उलटलेले नसले, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी काढता येते, त्याला चोवीस तासांपर्यंतही मुभा असते. कोयनानगरहून कराड पन्नास-साठ किलोमीटर, जतहून मिरज त्याहून लांब. रात्री लक्षणे दिसली आणि सकाळी बघू म्हटले की ही वेळ संपते. मधेच अंगाला तेल चोळून घेणे, पाला बांधून घेणे, गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून थांबणे, यात तास जातात. चोळण्याने काही बिघडत नाही, पण तासांनी बिघडते. साखर एकदम उतरल्यानेही पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात, म्हणून साखर आधी तपासतात.

दीर्घ उपचारांचे गणित वेगळे. फिटची गोळी साधारण दोन-तीन वर्षे एकही झटका न येता चालू राहिली, तर ती हळूहळू कमी करायचा विचार होतो. मध्येच बंद केली तर झटके उसळतात. ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतो, उचल घेतलेली असते, एक खाडा पडला तरी पैसे कापले जातात. त्याला महिन्याने परत या म्हणण्यात अर्थ नाही. त्याला हंगामभराची गोळी, दिवसातून एकदा घ्यायची आणि परवडणारी, लिहून द्यावी लागते. रात्रीच्या भरणीत झोप तुटली की झटका येतो, हेही मुकादमाला ऐकू जाईल असे सांगावे लागते. मिरजेतल्या मुस्लिम रुग्णाला रमजानमध्ये सहरी आणि इफ्तार यांच्या वेळा धरून औषध बसवून देता येते. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या जैन आजोबांची रात्रीची गोळी संध्याकाळच्या जेवणाशी जोडता येते. हे आधी विचारले नाही तर रुग्ण उपवास मोडत नाही, गोळी मोडतो.

लग्नाच्या मुलीची फिट लपवण्याकडे घराचा कल असतो. सासरी गेल्यावर गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग सुटतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाह रद्द ठरवण्याचा आधार होता, तो 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकला, हे फार थोड्यांना माहीत आहे. मूल होण्याच्या वयात व्हॅल्प्रोएट हे औषध शक्यतो टाळतात, कारण गर्भात व्यंग येण्याचा आणि मुलाची बुद्धी मंदावण्याचा धोका असतो. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांनी गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घटतो. कार्बामाझेपिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तोंड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे. आशियातील काही लोकांत आनुवंशिक कारणाने ही प्रतिक्रिया जीवघेणी ठरते, आणि भारतातही असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

खर्च हा उपचाराचाच भाग धरायला हवा. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात गिलेन-बारे या नसांच्या आजाराची साथ आली आणि 200 हून अधिक संशयित रुग्ण सापडले, तेव्हा त्यावरच्या इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांची किंमत घराघरांत कळली. रक्तातला द्रव बदलण्याची प्रक्रिया तेवढीच गुणकारी आणि कित्येकदा स्वस्त पडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मेंदूच्या अनेक आजारांचा खर्च भागतो. रुग्णालयात दाखल होतानाच रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर असले पाहिजे.

देवऋषीकडे जाऊन आलेला रुग्ण रागावण्याने दूर जातो. फिट आल्यावर कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, हातात किल्ली देणे हे सगळे निरुपयोगी आहे, पण ते करणारी माणसे काळजीपोटीच करतात. त्यांना करता येण्याजोगे काम सांगितले तर ती ऐकतात. रुग्णाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे सैल करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर 108 ला फोन करा.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना जुने सगळे कागद आणि स्कॅन न्यावेत. चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे पाकीट न्यावे, त्यात आयुर्वेदिक पुड्या आणि पित्ताच्या गोळ्याही आल्या. झटक्याचा व्हिडिओ असेल तर मोबाइलमध्ये ठेवावा. मुख्य म्हणजे आजार सुरू होताना जो घरात होता, त्याला बरोबर न्यावे, मग ती शाळा न शिकलेली आजी का असेना.